बंदिस्त नौकेतील हवा आणि बुरशी : जहाजाच्या केबिनमधील वायुवीजनाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

लाकडी जहाजाच्या बंदिस्त भागात साचणारी दमट हवा आणि तीतून वाढणारी बुरशी ही नौकानयनाच्या इतिहासातील जुनी, परंतु इतिहासलेखनात फारशी लक्षात न घेतली गेलेली समस्या आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या समस्येवर जे उपाय योजण्यात आले, त्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. स्टीफन हेल्सचे वातयंत्र, सॅम्युएल सटनची नळ-योजना, मुंबईच्या गोदीतील सागवानी जहाजे आणि छोट्या शिडाच्या नौकेवरील 'डोरेड' पेटी हे या आढाव्याचे प्रमुख टप्पे आहेत.

प्रस्तावना

जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी बंद पेटी होय. बाहेरचे पाणी आत येऊ न देणे हे तिचे पहिले कार्य. परंतु जी पेटी पाण्याला आत येऊ देत नाही, ती हवेलाही सहज आत येऊ देत नाही. समुद्र शांत असताना दारे व झरोके उघडता येतात. पाऊस लागला, लाटा डेकवर येऊ लागल्या की ती बंद करावी लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी सर्व माणसे ओल्या कपड्यांनिशी आत एकवटलेली असतात. ज्या वेळी हवेची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी तिचा मार्ग बंद करावा लागतो, हा वायुवीजनाच्या प्रश्नातील मूळ पेच आहे. या इतिहासातील प्रत्येक उपाय या पेचाला दिलेले उत्तर म्हणून तपासता येतो.

विषय वरवर पाहता तांत्रिक वाटतो. तथापि त्यात ज्ञानाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. बुरशी कशामुळे येते याचे योग्य स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उपलब्ध नव्हते. उपाय मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीपासून योजले जात होते. चुकीच्या सिद्धान्तावर आधारलेला उपाय कितपत यशस्वी होतो आणि त्याच्या यशाने कोणते नवे गैरसमज निर्माण होतात, हे पाहण्यासाठी हा विषय उपयुक्त ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) बंदिस्त नौकेत बुरशी वाढण्याची कारणे आजच्या ज्ञानाच्या आधारे स्पष्ट करणे.
२) अठराव्या शतकातील वायुवीजनाच्या प्रमुख योजनांचे स्वरूप, त्यामागील सिद्धान्त व त्यांच्या मर्यादा तपासणे.
३) मुंबईच्या गोदीतील सागवानी जहाजबांधणीचा या प्रश्नाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
४) छोट्या शिडाच्या नौकेच्या संदर्भात हा प्रश्न कसा सुटला याचे विवेचन करणे.

बुरशीच्या वाढीची कारणे

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजण्यासाठी अन्न, योग्य तापमान आणि ओलावा यांची आवश्यकता असते. लाकूड, सुती कापड, चामडे, कागद, एवढेच नव्हे तर रंगावर बसलेली धूळही त्यांना अन्न म्हणून पुरते. माणसाला सुखावणारे तापमान बहुतेक बुरशींनाही मानवते. त्यामुळे नियंत्रण ठेवता येण्याजोगा घटक उरतो तो ओलाव्याचा. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० ते ७५ टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर व चामड्यावर बुरशी धरू लागते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडातच सुमारे २० टक्क्यांहून अधिक पाणी लागते.

केबिनमध्ये हा ओलावा कोठून येतो, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. २० अंश सेल्सिअस तापमानाची हवा प्रत्येक घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅमहून अधिक बाष्प धारण करू शकत नाही. छोट्या नौकेच्या केबिनचे आकारमान १२ घनमीटर मानले, तर तेथील हवा जेमतेम २०० ग्रॅम बाष्पाने तृप्त होते. दोन माणसे रात्रभर झोपली तर त्यांच्या श्वासातून व घामातूनच याहून अधिक पाणी बाहेर पडते. स्वयंपाकासाठी १ किलो प्रोपेन वायू जाळला तर सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. तळाशी साचलेले पाणी, ओले दोर आणि कपडे यांची भर वेगळीच. हवा बदलली नाही तर हे बाष्प थंड भिंतींवर दव होऊन बसते. गादीखाली, कपाटाच्या मागे, शिडांच्या घडीत अशा हवा न फिरणाऱ्या जागी ते टिकून राहते आणि कुबट वास येऊ लागतो.

येथे एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. बाहेरची हवाच दमट असेल तर ती आत घेऊन केबिन कोरडी होत नाही. ३० अंश तापमानाची व ८५ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा २७ अंशांच्या आसपास असलेल्या पृष्ठभागाला लागताच तेथे दव जमू लागते. वायुवीजनाने आत निर्माण झालेले बाष्प बाहेर जाते आणि आतील पृष्ठभागांचे तापमान बाहेरच्या हवेच्या जवळ राहते. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही.

पेपिसची नोंद : दुर्लक्षाचे परिणाम

इंग्लंडच्या पार्लमेंटने १६७७ मध्ये ३० नव्या युद्धनौका बांधण्यास मंजुरी दिली. त्या बांधून झाल्या, परंतु त्यांपैकी अनेक नौका नांगरून ठेवण्यात आल्या. १६८४ मध्ये सॅम्युएल पेपिस नौदल प्रशासनात परतला तेव्हा अल्पावधीतच त्या कुजू लागल्याचे त्याला आढळले. १६९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नौदलविषयक आठवणींत त्याने या नौकांच्या तळाशी मुठीएवढ्या वाढलेल्या छत्र्या स्वतःच्या हातांनी गोळा केल्याचे नमूद केले आहे. तळाची स्वच्छता न होणे, फळ्यांना वारा न लागणे आणि नौकांकडे झालेले दुर्लक्ष यांवर त्याने बोट ठेवले आहे.

पेपिसची नोंद दोन कारणांनी महत्त्वाची ठरते. एक म्हणजे, या नौका लढाईत निकामी झाल्या नव्हत्या. त्या वापरात नसल्यामुळे निकामी झाल्या होत्या. वापरातील जहाजावर माणसांचा वावर असतो, झडपा उघडल्या जातात, पाणी उपसले जाते; उभ्या जहाजाला ते भाग्य लाभत नाही. दुसरे म्हणजे, पेपिस हा नौकाबांधणीतील कारागीर नव्हता, प्रशासक होता. कुजण्याचा प्रश्न त्याने लाकडाच्या दोषाचा न मानता देखभालीचा व जबाबदारीचा मानला.

हेल्स आणि सटन : दोन योजनांचा संघर्ष

अठराव्या शतकाच्या मध्यास वायुवीजनाचा प्रश्न प्रथमच यंत्ररचनेच्या पातळीवर हाताळला गेला. तत्पूर्वी जे. टी. डेझाग्युलिए याने इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्ससाठी १७३६ मध्ये हाताने फिरवण्याचे हवेचे चक्र बसवले होते. जहाजांवर मात्र शिडाच्या कापडाचा नळा दोरावर टांगून वारा खाली सोडण्याची जुनी पद्धतच चालू होती. वारा पडला की हा नळा लोंबकळत राही आणि पाऊस आला की काढून ठेवावा लागे.

टेडिंग्टनचा धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीफन हेल्स (१६७७–१७६१) याने १७४१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आपले वातयंत्र मांडले आणि १७४३ मध्ये त्याचे वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याचे स्वरूप लोहाराच्या भात्यासारखे होते. मोठ्या लाकडी पेटीत बिजागरीवर बसवलेली फळी खालीवर हलवली की झडपांतून एका बाजूने हवा आत येई व दुसऱ्या बाजूने बाहेर जाई. याच सुमारास स्वीडनमध्ये मार्टेन ट्रीवाल्ड याने स्वतंत्रपणे तशीच योजना तयार केली होती, हे विशेष. हेल्सने आपले यंत्र धान्याची कोठारे व तुरुंग यांसाठीही सुचवले. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १७५२ मध्ये ते पवनचक्कीच्या साहाय्याने चालवण्यात आले. जहाजावर मात्र ते चालवण्यासाठी माणसांचे हात लागत.

सॅम्युएल सटन हा लंडनमधील कॉफीगृहाचा चालक होता. त्याची योजना वेगळ्या तत्त्वावर उभी होती. जहाजावरील स्वयंपाकाच्या चुलीला लागणारी हवा आजूबाजूने न मिळता जहाजाच्या तळापासून आणलेल्या नळांतूनच मिळावी, अशी व्यवस्था त्याने केली. चूल पेटली की ती तळातील दूषित हवा आपोआप ओढून घेई व ती जागा भरण्यासाठी वरून ताजी हवा उतरे. या योजनेत स्वतंत्र श्रमांची गरज नव्हती. परंतु सटनजवळ पदवी नव्हती, पद नव्हते. नौदलाचा सर्वेक्षक सर जेकब ॲकवर्थ याने योजनेला विरोध केला. राजवैद्य रिचर्ड मीड याने सटनची बाजू घेऊन रॉयल सोसायटीपुढे योजना मांडली, तेव्हा कोठे तिच्याकडे लक्ष गेले. सटनने हा सर्व वृत्तान्त १७४५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. सामान्य माणसाच्या युक्तीला अधिकृत मान्यता मिळवण्यासाठी कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दोन्ही योजनांची मर्यादा मूळ पेचातच होती. वादळात चूल विझवावी लागे, म्हणजे सटनचे नळ थंड पडत. हेल्सचा भाता वादळातही चालू शके, परंतु त्या वेळी खलाशांचे हात शिडे आणि पंप यांत गुंतलेले असत. शिवाय दोन्ही यंत्रे जागा अडवीत, आणि जहाजावर जागेइतकी महाग वस्तू दुसरी नसते.

वायुवीजन आणि स्कर्व्ही : एक गैरसमज

या काळातील वैद्यकाचा भर दूषित हवेवर होता. कुबट वास म्हणजेच रोगाचे कारण, असे मानले जाई. मीडने स्कर्व्हीचा संबंध दूषित हवेशी जोडला होता. जेम्स लिंड याने १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर संत्री व लिंबू यांचा गुण प्रयोगाने दाखवला. तरी १७५३ च्या आपल्या ग्रंथात दमटपणाला त्याने रोगाच्या कारणांत प्रमुख स्थान दिले. कॅप्टन जेम्स कुक याने १७७२ ते १७७५ च्या सफरीत लोखंडी भांड्यात विस्तव ठेवून तो खालच्या डेकवर फिरवला, अंथरुणे उन्हात घातली आणि जहाज कोरडे ठेवले. ११८ माणसांपैकी आजाराने एकच दगावल्याचे त्याने आपल्या १७७६ च्या निबंधात सांगितले. त्यासाठी त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक मिळाले.

या यशाचे श्रेय ताज्या भाज्यांना किती आणि कोरड्या हवेला किती, हे त्या वेळी वेगळे करता येत नव्हते. आज स्कर्व्ही हा जीवनसत्त्व 'क'च्या अभावाचा रोग आहे हे माहीत असल्याने वायुवीजनाने तो बरा होणे शक्य नव्हते, असे निश्चितपणे म्हणता येते. कोरड्या जहाजाचे इतर लाभ मात्र खरे होते. एका खऱ्या लाभामुळे दुसऱ्या कल्पित लाभावरील विश्वास कसा बळावतो, हे येथे स्पष्ट होते.

हवा कोणासाठी?

वायुवीजनाच्या इतिहासाची एक काळी बाजू आहे आणि ती वगळणे योग्य होणार नाही. हेल्सची वातयंत्रे ज्या जहाजांवर वापरली गेली त्यांत आफ्रिकेतून गुलाम नेणारी जहाजेही होती. तेथे मृत्यू घटावेत असे हेल्सला वाटत होते, यात शंका नाही. पण जहाजमालकाच्या हिशेबी गुलाम हा माल होता आणि मृत्यू म्हणजे मालाचे नुकसान. माणुसकीने सुचवलेले साधन व्यापाराच्या सोयीचे ठरले.

अशा जहाजांवर वैद्य म्हणून काम केलेल्या अलेक्झांडर फाल्कनब्रिज याचा वृत्तान्त १७८८ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र खवळला किंवा जोराचा पाऊस आला की हवेच्या खिडक्या व जाळ्या बंद केल्या जात आणि खाली कोंबलेल्या माणसांची अवस्था असह्य होई, असे त्याने नोंदवले आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल्बेनचा कायदा संमत होऊन जहाजाच्या टनभारानुसार माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. हवेचा प्रश्न केवळ यंत्राने सुटत नाही, एका बंद जागेत किती माणसे कोंडायची या निर्णयाशीही तो जोडलेला असतो, हे या कायद्याने अप्रत्यक्षपणे मान्य केले.

ओक, साग आणि मुंबईची गोदी

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये जहाजांची मागणी वाढली आणि पुरेसे न वाळवलेले ओकचे लाकूड वापरात आले. १८१० मध्ये डेप्टफर्ड येथे 'क्वीन शार्लट' या पहिल्या श्रेणीच्या युद्धनौकेचे जलावतरण झाले. प्रत्यक्ष सेवेत जाण्यापूर्वीच तिच्या लाकडात कुजीने घर केल्याचे आढळले. तिच्यावरील बुरशींची तपासणी करण्यासाठी निसर्ग-चित्रकार जेम्स सॉवरबी याला पाचारण करण्यात आले. जॉन नोल्स याने १८२१ मध्ये या कुजीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

त्याच १८१० साली मुंबईच्या डंकन गोदीतून जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'मिंडेन' ही ७४ तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली. ती मलबारच्या सागाची होती. वाडिया घराण्यातील लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आल्यापासून या घराण्याने गोदीत जहाजबांधणीची परंपरा निर्माण केली होती. 'मिंडेन'ने पुढे १८४२ पासून हाँगकाँग येथे रुग्णालय-जहाज म्हणून काम केले आणि १८६१ मध्ये ती विकण्यात आली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत जलावतरण झालेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते.

सागाच्या लाकडातील नैसर्गिक तेलकट द्रव्ये कुजवणाऱ्या बुरशीला प्रतिकार करतात. ओकमधील टॅनिक आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तो दोषही सागात जवळजवळ नाही. मुंबईच्या गोदीने दिलेले उत्तर यंत्राचे नव्हते. ते सामग्रीच्या निवडीचे आणि कारागिरीचे होते. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सागाने जहाजाचा सांगाडा टिकतो. खलाशाच्या गादीवरील, चामड्याच्या पट्ट्यावरील किंवा शिडाच्या घडीतील बुरशी त्याने थांबत नाही. त्यासाठी हवाच लागते.

स्पष्टीकरणातील परिवर्तन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बुरशी ही कुजण्याचा परिणाम की कारण, याबाबत एकमत नव्हते. कुजणाऱ्या पदार्थातून ती आपोआप उत्पन्न होते, असे अनेकांना वाटे. आंतोन द बारी याने १८५३ मध्ये पिकांवरील तांबेरा बुरशीमुळेच होतो हे प्रतिपादले. लुई पाश्चरच्या १८६० च्या दशकातील प्रयोगांनी स्वयंजननाची कल्पना मोडीत काढली. रॉबर्ट हार्टिग याने १८७० व १८८० च्या दशकांत लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे तंतू लाकडात कसे शिरतात हे दाखवले. त्यानंतर वायुवीजनाचा हेतू बदलला. 'वाईट हवा घालवणे' याऐवजी 'ओलावा बीजाणूंच्या गरजेपेक्षा खाली ठेवणे' हे उद्दिष्ट ठरले. उपाय बाह्यतः तोच राहिला, परंतु तो कोठे व किती करावयाचा याचे माप हाती आले.

छोटी शिडाची नौका आणि 'डोरेड' पेटी

मोठ्या जहाजांवर वाफेचे इंजिन व पुढे विद्युत पंखे आल्याने हवेचा प्रश्न सौम्य झाला. छोट्या शिडाच्या नौकेला हे साधन उपलब्ध नव्हते. तिची केबिन लहान, डेक पाण्यापासून हातभर उंच आणि प्रत्येक लाट झरोक्यावर येणारी. त्यामुळे मूळ पेच येथे अधिक तीव्र झाला.

ऑलिन स्टीफन्स याने आरेखित केलेली 'डोरेड' ही ५२ फूट लांबीची नौका १९३० मध्ये न्यूयॉर्कजवळील सिटी आयलंड येथे तयार झाली. १९३१ मध्ये तिने अटलांटिक पार करण्याची शर्यत व फास्टनेट शर्यत जिंकली. तिच्यावर ऑलिनचा भाऊ रॉड स्टीफन्स याने योजलेली हवेची पेटी तिच्याच नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. तिची रचना अत्यंत साधी आहे. डेकवर एक बंद पेटी. तिच्या एका टोकावर वाऱ्याकडे तोंड करणारे कर्ण्यासारखे नळकांडे. दुसऱ्या टोकाशी केबिनमध्ये उतरणारी नळी. ही नळी पेटीच्या तळापासून काही उंच वर आलेली असते आणि नळकांड्याच्या थेट खाली नसते. वाऱ्याबरोबर पाणी शिरले तर ते जड असल्याने पेटीच्या तळाशी पडते व तेथील छिद्रांतून डेकवर वाहून जाते. हवा वळण घेऊन नळीतून खाली उतरते.

या पेटीत हलणारा भाग नाही, विस्तव नाही, माणसाचे श्रम नाहीत. हेल्स व सटन यांनी हवा ढकलण्याची किंवा ओढण्याची शक्ती कोठून आणावी याचा विचार केला. स्टीफन्स बंधूंच्या नौकेवर हवा आणि पाणी यांना एकमेकांपासून वेगळे कसे करावे याचा विचार झाला. प्रश्नाची मांडणी बदलताच दोनशे वर्षांचा पेच बऱ्याच अंशी सुटला. तरीही पेटी एकटी पुरत नाही. हवेला आत येण्यास जशी वाट हवी तशी बाहेर जाण्यासही हवी. म्हणून एक झरोका पुढे व एक मागे असावा लागतो. गादीखाली जाळीची फळी, कपाटाच्या दारांना छिद्रे आणि भिंतीच्या अस्तरामागे मोकळी जागा नसेल, तर केबिनमधील हवा फिरूनही कोपरे ओलेच राहतात. फायबरग्लासच्या नौका प्रचारात आल्यावर लाकूड कुजण्याची भीती कमी झाली, परंतु पातळ व थंड भिंतीवर दव अधिक जमू लागले.

कोकण व गोव्याचा संदर्भ

कोकणकिनाऱ्यावरील पारंपरिक होड्या उघड्या किंवा अर्धवट झाकलेल्या असल्याने त्यांत बंदिस्त केबिनचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायची, वरून झापांनी शाकारायची आणि बाजूंनी वारा खेळता ठेवायचा, ही रीत 'पाऊस बाहेर, वारा आत' याच तत्त्वाचे लोकव्यवहारातील रूप होय. दीर्घ पल्ल्याच्या बंदिस्त शिडाच्या नौकेचे अलीकडचे भारतीय उदाहरण म्हणजे गोव्यात बांधलेली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झालेली 'म्हादेई'. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली. महिनोन्महिने एकाच बंद केबिनमध्ये राहणाऱ्या नाविकाला कोरडे अंथरूण ही चैन वाटत नाही. त्याच्या आरोग्याचा व सावधपणाचा तो आधार असतो.

निष्कर्ष

१) बंदिस्त नौकेतील बुरशीचे निर्णायक कारण ओलावा हे आहे. वायुवीजनाने आतील बाष्प बाहेर काढता येते. बाहेरचा दमटपणा त्याने नाहीसा होत नाही.
२) अठराव्या शतकातील उपाय चुकीच्या सिद्धान्तावर आधारलेले असूनही अंशतः उपयुक्त ठरले. त्यांची उपयुक्तता ही त्या सिद्धान्ताची सिद्धता नव्हती, हे स्कर्व्हीच्या उदाहरणावरून दिसते.
३) सटनचा अनुभव आणि गुलामवाहू जहाजांचा इतिहास यांवरून असे दिसते की, कोणाची कल्पना स्वीकारली जाते आणि कोणाला हवा मिळते हे प्रश्न तंत्राइतकेच सत्तेचे असतात.
४) मुंबईच्या गोदीतील सागवानी जहाजबांधणी हे कुजीच्या प्रश्नाला सामग्रीच्या अंगाने दिलेले टिकाऊ उत्तर होते, परंतु ते वायुवीजनाला पर्याय ठरू शकत नव्हते.
५) 'डोरेड' पेटीचे यश अधिक शक्तिशाली यंत्रात नसून प्रश्नाच्या नव्या मांडणीत आहे.

पेपिसने मुठीएवढ्या छत्र्या ज्या नौकांत पाहिल्या, त्या नौकांना शत्रूने हात लावला नव्हता. बंद जागेची काळजी घेणारे कोणी नसले की तेथे बुरशी येते, हा त्याचा निष्कर्ष आजही ग्राह्य आहे. नौकेप्रमाणेच महाविद्यालयीन ग्रंथालये, दप्तरखाने व संग्रहालये यांनाही तो लागू पडतो. पावसाळ्यात कपाटे बंद करून निश्चिंत राहणाऱ्या संस्थांनी या इतिहासाकडे म्हणूनच अधिक लक्षपूर्वक पाहणे आवश्यक आहे.